पाचवी वेळ

माझ्या पीएच.डी.चा विषय सांगितला की इथली मराठी मंडळी तो परत विचारून घेतात. मलय समाजातली दूधनाती. मग कुणीतरी विचारतं, "म्हणजे डेअरी वगैरे?" आणि कुणीतरी, "पण तुला मलय येतं?"

येतं. पुण्यात इतिहासात एम.ए. केलं, लग्न करून निशिकांतच्या मागोमाग सिंगापूरला आले, दोन वर्षं घरात बसून कंटाळले आणि कम्युनिटी सेंटरच्या संध्याकाळच्या वर्गात मलय शिकायला लागले. त्या भाषेनेच पुढे ओढत विद्यापीठात नेलं. निशिकांत रॅफल्स प्लेसला एका बँकेत सिस्टिम्स सांभाळतो. तो लोकांना सांगतो, "हिला मलय येतं, त्यामुळे आम्हाला मासे ताजे मिळतात."

दूधनातं म्हणजे काय, ते आधी सांगते, कारण त्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. इथल्या मलय मुसलमान घरांत एखाद्या बाईने दुसरीच्या मुलाला आपलं दूध पाजलं, तर ती त्याची आई होते. मानलेली नाही, खरी. तिची मुलं त्याची सख्खी भावंडं. त्यांचं आपसांत लग्न होऊ शकत नाही, एकमेकांसमोर डोकं झाकावं लागत नाही, एकाच्या घरचं सुख आणि सुतक दुसऱ्याच्याही घरचं. अटी दोनच. मूल दोन वर्षांच्या आतलं हवं आणि पाच वेळा पोटभर प्यायलेलं हवं. चार वेळा पाजलं तर उपकार झाले, नातं नाही झालं. पाचव्यांदा पाजलं की ते मरेपर्यंत सुटत नाही.

हे मी पुस्तकांत वाचलं होतं, पण समजलं ते मकचिक रोहानीकडून. मकचिक म्हणजे मावशी. मरीन परेडला आमच्याच मजल्यावर, आमच्या दारापासून तिसरं दार तिचं. वय एकाहत्तर, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. माझ्या प्रबंधातली पहिली मुलाखत तिची. सिग्लापच्या समुद्राकाठी, जिथे आता उंच इमारती आहेत, तिथे तिची मलय वस्ती होती, आणि तिच्या आईने त्या वस्तीतली अकरा मुलं पाजली होती. मकचिकने अकराही नावं मला बोटांवर मोजून दाखवली. दहा झाल्यावर तिने माझा हात ओढून घेतला आणि अकरावं नाव माझ्या करंगळीवर मोजलं.

"तुमच्या आई लिहून ठेवायच्या?" मी विचारलं.

"तिला कुठे लिहिता येत होतं! पण विचारलं असतंस तर सांगितलं असतं, कोण किती वेळा प्यायलं ते. एकदा एका घरात साखरपुड्याची अंगठी पोचली होती. माझी आई दारात जाऊन उभी राहिली. म्हणाली, हा मुलगाही माझा आणि ही मुलगीही माझी, बंद करा. मुलगी तीन दिवस रडली. पुढे जन्मभर त्याला दादा म्हणत राहिली."

मी नोंद करत होते. माझ्यातल्या संशोधकाला तेव्हा एक प्रश्न सुचला आणि तो मला फार हुशारीचा वाटला.

"मकचिक, असं कुणी करायचं का, की चार वेळा पाजायचं आणि मुद्दाम थांबायचं? नातं नको म्हणून?"

"भुकेल्या पोराच्या तोंडात दूध देताना मोजून थांबलेली बाई मी तरी पाहिली नाही," ती म्हणाली. मग हसली. "तुमच्या विद्यापीठात असतील तशा."

माझे मार्गदर्शक डॉ. अझहर यांनी त्या पानाच्या समासात पेन्सिलने लिहिलं होतं: प्रश्न चांगला आहे, पाठपुरावा करा.

त्या मुलाखतीला तीन वर्षं होत आली तेव्हा स्वानंदी, माझी मुलगी, पाच महिन्यांची होती. मी कशी आई आहे हे लपवण्यात अर्थ नाही. ती झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरून बघायचे. दर सोमवारी वजन. लिफ्टमध्ये कुणी खोकलं की मी पुढच्या लिफ्टची वाट बघायचे. एका गोष्टीची मात्र मला ददात नव्हती. दूध भरपूर होतं. स्वानंदी पिऊन उरलेलं मी पिशव्यांत काढून, तारखा घालून फ्रीझरमध्ये ठेवायचे. निशिकांत म्हणायचा, "अगं, मटाराला जागा नाही उरली. दुकान काढायचंय का?"

मकचिकच्या लिंडाला, तिच्या धाकट्या मुलीला, ऑगस्टमध्ये मुलगा झाला. सात आठवडे आधीच. हृदयात दोष होता. नाव रय्यान. दोन महिने हॉस्पिटलात काचेच्या पेटीत काढून तो घरी आला तेव्हा मी बघायला गेले. दुपट्यात बाळ आहे की नुसतंच दुपटं, असा प्रश्न पडावा एवढा. लिंडाचं दूध त्या दोन महिन्यांच्या धावपळीत आटलं होतं. डब्यातली पावडर त्याला पचत नव्हती. अर्धा औंस प्यायचा आणि एक औंस ओकायचा.

दोन दिवसांनी मकचिक आमच्या दारात आली. एरवी ती दाराच्या जाळीतूनच हाक मारायची. त्या दिवशी डोक्यावर नीट ओढणी घेतलेली, अंगावर बाहेर जायचे कपडे. पस्तीस पावलं चालून यायला तिने बाहेर जायचे कपडे घातले होते.

"पोरी, मी मागायला आले आहे," ती म्हणाली. "पण आधी ऐक. तू पुस्तकात शिकलीस ते माझ्या तोंडून ऐक. तो तुझं पाच वेळा प्यायला तर तुझा होईल. तुझी मुलगी त्याची बहीण होईल. तू हिंदू आहेस म्हणून त्यात काही कमी होत नाही. लिंडाच्या नवऱ्याला मी विचारलंय, त्याची हरकत नाही. तू तुझ्या नवऱ्याला विचार. मग सांग."

मी म्हणाले, "हो."

"आधी विचार म्हटलं ना."

"विचारते. पण हो."

खरं सांगायचं तर त्या 'हो'मध्ये रय्यान अर्धाच होता. उरलेल्या अर्ध्यात माझ्या प्रबंधाचा चौथा अध्याय होता. तीन वर्षं मी जे म्हाताऱ्या बायकांच्या आठवणींतून उकरत होते, ते माझ्या दारात चालत आलं होतं. मला त्याचा आनंद झाला. आजारी मुलाची आजी समोर उभी असताना मला आनंद झाला, हे मी कुठल्याही नोंदवहीत लिहिलेलं नाही.

निशिकांत ऑफिसातून आल्यावर त्याला सांगितलं. तो बूट काढता काढता म्हणाला, "म्हणजे स्वानंदीला राखी बांधायला हक्काचा भाऊ. बरंच आहे की. आपल्याला दुसरं नको म्हणतेसच तू." मग गंभीर होऊन, "कसा आहे गं तो?"

"छोटा आहे," मी म्हणाले.

पहिली वेळ शनिवारी दुपारी. रय्यान छातीशी लावला की दोन घोटांत दमायचा, घाम फुटायचा, म्हणून मी पुण्याहून आणलेलं बोंडलं घेऊन गेले. मकचिकने ते हातात फिरवून पाहिलं. "ही काय, बाहुलीची किटली?" लिंडा बाळंतपणानंतर पहिल्यांदाच हसली असावी, कारण मकचिक बाळाकडे न बघता तिच्याकडेच बघत राहिली. त्याला थेंब थेंब पाजायला पाऊण तास लागला. ढेकर दिल्यावर मकचिकने भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण न करता नुसता अंगठा दुमडला. "एक."

दुसरी वेळ रविवारी. तिसरी सोमवारी. तो ओकला नाही, एकदाही नाही. सोमवारी त्याने माझ्या बोटाला धरलं. तसं सगळीच बाळं धरतात, स्वानंदीही धरते, पण याची पकड इतकी हलकी होती की माझं मलाच बोट हलवायची भीती वाटली. घरी येऊन मी नोंदवहीत तारीख, वेळ, मिलिलिटर लिहिलं. पकडीबद्दल लिहिलं नाही.

चौथी वेळ मंगळवारी. पिऊन झाल्यावर तो माझ्या मांडीवर झोपला आणि खिडकीतल्या उजेडात मला त्याच्या ओठांच्या कडा दिसल्या. जांभळट.

"हे असं नेहमी असतं?" मी लिंडाला विचारलं.

"जास्त झालंय," ती म्हणाली. आम्ही दोघी इंग्रजीत बोलायचो, ती मला 'काक' म्हणायची, ताई. "डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करायला अजून एक किलो वजन हवं. तोवर टिकला तर. दे डोन्ट से लाइक दॅट लाह, बट आय नो." तिने त्याच्या पायातला मोजा सरळ केला. "पण काक, उद्या आम्ही हॉस्पिटलात. परवा गुरुवारी पाचवी, हो ना? मग ते भाऊबहीण. मा म्हणते शुभकार्याचा पिवळा भात करायचा, थोडासाच. तू स्वानंदीला आण. दोघांचा फोटो काढू."

"हो," मी म्हणाले.

मकचिकने चार बोटं मिटलेली मूठ मला दाखवली. करंगळी तेवढी वर होती.

घरी आले तर निशिकांतच्या कडेवर स्वानंदी दोनदा शिंकली. मी तिचा ताप पाहिला. नव्हता. परत पाहिला. तिला उजेडात धरून तिचे ओठ पाहिले. गुलाबी होते. तरी मी तिला घेऊन त्या खिडकीपासून या खिडकीपाशी जात राहिले, आणि माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. आज तो शेजारचा मुलगा आहे. गुरुवारी तो हिचा भाऊ असेल. आणि मग तो गेला, तर हिचा भाऊ गेलेला असेल.

मला ते नको होतं. माझ्या सात महिन्यांच्या मुलीच्या वाट्याला एक मेलेला भाऊ मला नको होता. असं काही नसतं, दोष चिकटत नाही, हे सगळं मला माहीत होतं. मी शिकलेली बाई. पण मी हेही शिकले होते की हे नातं खरं असतं, तीन वर्षं मी तेच तर सिद्ध करत होते. दुसऱ्या कुणा मराठी आईने पाचव्यांदा पाजलं असतं आणि तिला कळलंही नसतं. मला आकडा माहीत होता.

बुधवारी मी डॉ. अझहरना लांबलचक ई-मेल लिहिला. संशोधकानेच नात्यात शिरणं योग्य आहे का, तटस्थतेचं काय, वगैरे. मला त्यांच्याकडून 'नाही' हवं होतं. त्यांचं उत्तर तासाभरात आलं. तीन ओळी. 'यात विद्यापीठाची काहीच हरकत नाही. झालेलं प्रामाणिकपणे लिहा म्हणजे झालं. बाळ कसं आहे?'

गुरुवारी मी गेले नाही. स्वानंदीला सर्दी आहे, त्याला लागायला नको, असा मेसेज केला. शुक्रवारी सकाळी स्वतः गेले, सर्वांत महागड्या, सहज पचणाऱ्या पावडरचे चार डबे घेऊन. जाळीच्या बाहेरच उभी राहिले.

"मकचिक, विद्यापीठाने परवानगी नाकारली," मी म्हणाले. "नियम आहे. ज्यांच्यावर संशोधन करतो त्यांच्याशी असं… मी खूप सांगून पाहिलं. ही पावडर त्याला पचेल, मी चौकशी केली आहे."

मकचिकने डबे एकेक करून आत घेतले. "नियम असेल तर काय करणार," ती म्हणाली. "तुझं शिक्षण महत्त्वाचं. चहा घेतेस?"

मी चहा घेतला नाही.

त्यानंतरचे दिवस मी कॉरिडॉरमधून मान खाली घालून जायचे. ती पावडर त्याला खरंच पचली, असं लिंडाने लिफ्टपाशी सांगितलं. वजनही थोडं वाढलं. मला इतकं हलकं वाटलं की मी त्या दिवशी अध्यायाची सहा पानं लिहिली. फ्रीझरमधल्या पिशव्या मात्र मी एका सकाळी सिंकमध्ये रिकाम्या केल्या. निशिकांतने विचारलं, "अगं, ते त्यांना द्यायचं होतं ना?" मी म्हणाले, "तारखा उलटल्यात." उलटल्या नव्हत्या.

पुढच्या महिन्यात, एका बुधवारी, साडेदहाच्या सुमारास स्वानंदीला घेऊन खाली जायला निघाले तर मकचिकच्या दाराबाहेर चपला होत्या. बायकांच्या, पुरुषांच्या, जोडीला जोडी लावलेल्या, आमच्या दारापर्यंत आलेल्या. एवढ्या चपला पिवळ्या भातालाही येतात, असं मी स्वतःशी म्हटलं. मग आतून आवाज ऐकू आला, सगळ्यांचा मिळून, एकसुरी, कुराण वाचल्याचा.

रय्यान पहाटे हॉस्पिटलात वारला होता. ऑपरेशनच्या आधीच. दूध, पावडर, कशानेच काही झालं नसतं, हे मला पुढे लिंडाच्या नवऱ्याने आपण होऊन सांगितलं. मी विचारलंही नव्हतं.

मी घरात जाऊन ओढणी डोक्यावर घेतली. स्वानंदीला ठेवायला कुणी नव्हतं, तिला कडेवर घेऊनच गेले.

बैठकीतलं सगळं सामान भिंतीला सरकवलं होतं. मधोमध चटईवर पांढऱ्या कापडात तो होता. आंघोळ घालून झाली होती, कापराचा वास होता. चेहरा तेवढा उघडा होता. ओठ आता जांभळे नव्हते. मकचिक डोक्याशी बसली होती. लिंडा भिंतीला टेकून. पुरुष बाहेर कॉरिडॉरमध्ये गाडीची वाट बघत होते. कापड बंद करण्याआधी घरच्या बायका एकेक करून वाकून त्याची पापी घेत होत्या. त्याच्यावर डोळ्यांतलं पाणी पडू द्यायचं नाही, म्हणून प्रत्येक बाई आधी आपलं तोंड पदरासारख्या त्या ओढणीने पुसत होती.

मकचिकच नावं घेत होती. आधी आई. मग आजी म्हणून ती स्वतः, मग दुसरी आजी. मग मावशा, आत्या. प्रत्येकीचा नंबर तिच्या नात्याने लागत होता.

एका थोराड म्हातारीने, बहुधा मकचिकच्या बहिणीने, माझ्याकडे पाहिलं. "रोहानी, ही का ती हिंदू पोरगी, पाजलं म्हणत होतीस ती? मग दूधआई ना ही? तिला मागे का उभी केलीस? आईच्या नंतर तिचाच नंबर."

सगळ्या वळल्या. दोघीतिघींनी सरकून मला वाट करून दिली. स्वानंदी माझ्या खांद्यावरून त्यांच्याकडे बघून हसली.

"किती वेळा पाजलंस, पोरी?" म्हातारीने प्रेमाने विचारलं.

पाच म्हटलं असतं तर कुणी तपासणार नव्हतं. ती वाट तशीच राहिली असती, आणि मी चालत त्याच्यापाशी गेले असते, त्याची आई म्हणून.

"चार," मी म्हणाले.

म्हातारीने मान हलवली. वाट करून दिलेल्या बायका थोड्या जवळ आल्या.

"विद्यापीठाने थांबवलं तिला," मकचिक म्हणाली. त्याच्या कपाळावरचं कापड सारखं करत, माझ्याकडे न बघता. "तिची इच्छा होती. नियम होता."

तिने माझं खोटं तिच्या लोकांसमोर स्वतःच्या तोंडात घेतलं, तेही नातवाच्या उशाशी बसून. ते मला सोसवलं नाही.

"नाही मकचिक. विद्यापीठाने नाही थांबवलं. मीच थांबले."

"माहीत आहे," ती म्हणाली.

मग लिंडा बोलली. इंग्रजीत नाही, मलयमध्ये, माझ्याशी पहिल्यांदाच. "का?"

मला उत्तर येत होतं. ते ज्या भाषेत विचारलं होतं त्या भाषेतही येत होतं. पण माझा हात आपोआप स्वानंदीच्या पाठीवर गेला, आणि लिंडाने ते पाहिलं. तिने माझा हात पाहिला, स्वानंदीचे गाल पाहिले, मग चटईकडे पाहिलं. तिला कळलं. तिचा चेहरा रागावला असता तर बरं झालं असतं. तिने नुसती मान डोलवली, जशी एक आई दुसरीला डोलवते.

"मी त्या गुरुवारी भात भिजवला होता," मकचिक म्हणाली. "थोडाच. तू येताना दिसशील म्हणून दार लावलं नाही. तुझी मुलगी शिंकतही नव्हती, मला आमच्या घरातून तिचं खिदळणं ऐकू येत होतं." तिच्या आवाजात काही नव्हतं. ती मला जे सांगत होती ते मुलाखतीत सांगितल्यासारखं सांगत होती, क्रमाने. "मी म्हटलं, घाबरली असेल. शुक्रवारी येईल. शुक्रवारी तू डबे आणलेस."

"मकचिक…"

"रडू नकोस. इथे रडायचं नाही." मग तिने हात वर करून खोलीच्या दाराकडे दाखवलं, जिथे इमारतीतल्या बायका उभ्या होत्या, आठव्या मजल्यावरची चिनी बाई, तळमजल्यावरची तमिळ आजी. "घरच्यांचं झालं की शेजारणी. तिथे थांब. मी बोलावते."

वाट करून दिलेल्या बायका परत आपापल्या जागी आल्या होत्या. मी स्वानंदीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि दारापाशी गेले. आठव्या मजल्यावरच्या बाईने मला ओळखून हळूच विचारलं, "यू व्हेरी क्लोज टू देम, इज इट?"

मी मान हलवली. होकाराची की नकाराची, तिला समजलं नसावं. ती एक पाऊल पुढे सरकली आणि मी तिच्या मागे उभी राहिले.